काहीच न घातलेला बीकर

पोस्टरचं शीर्षक ठरवायलाच शाखेच्या तीन बैठका गेल्या. मी सुचवलेलं शीर्षक होतं, 'आमचे कंट्रोल का मेले?' कंट्रोल म्हणजे चाचणीत तुलनेसाठी विष न घालता ठेवलेले जीव. खजिनदारांनी ते वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे शाखेच्या नावाखाली लावायचं? एवढ्या मोठ्या परिषदेत?" मग त्यांनी एक सुचवलं. ते इतकं सभ्य होतं की त्यात बिघडलंय काय तेच कळेना. शेवटी जे छापलं ते या दोहोंच्या मधलं: 'डॅफ्नियाच्या तीव्र विषाक्तता चाचणीत कंट्रोल गटातील अनपेक्षित निश्चलता: काही निरीक्षणं'. 'काही निरीक्षणं' हे शब्द केव्हा येतात ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. निष्कर्ष हाती नसला की निरीक्षणं असतात.

पर्यावरणीय विषशास्त्राच्या संघटनेची आमची विभागीय शाखा म्हणजे जेमतेम दोन डझन माणसं. निम्मी विद्यापीठातली, काही सरकारी प्रयोगशाळेतली, दोघं-तिघं उद्योगांना सल्ला देणारी. ही खिचडी मुद्दाम केलेली आहे. १९७९ साली उत्तर अमेरिकेत 'सेटॅक' ही संघटना सुरू झाली तेव्हापासून तिचा आग्रहच हा की विद्यापीठ, सरकार आणि उद्योग यांना एका टेबलाशी बसवायचं. आमच्यासारख्या छोट्या शाखेत याचा अर्थ असा होतो की ज्याने आकडा मोजला, ज्याने त्या आकड्यावरून मर्यादा ठरवली आणि ज्याला ती मर्यादा जाचते, ते तिघंही वार्षिक सभेला एकाच बाकावर बसतात. भांडणं होतात. पण एकमेकांच्या वह्या बघायची सवयही लागते, आणि आमची ही सगळी कथा त्या सवयीतूनच सुरू झाली.

ठरलं असं होतं की तीन प्रयोगशाळांनी एकच चाचणी एकाच वेळी करायची आणि आकडे जुळतात का बघायचं. चाचणी अगदी प्राथमिक. डॅफ्निया मॅग्ना, म्हणजे पाणपिसू. मोठी झाली तरी पाच मिलिमीटरच्या आसपास, अंग पारदर्शक, सूक्ष्मदर्शकाखाली तिचं हृदय धडधडताना दिसतं. प्रयोगशाळेतल्या वसाहतीत सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय पिल्लं देत राहतात. चाचणीला चोवीस तासांपेक्षा कमी वयाची पिल्लं घ्यायची, प्रत्येक मात्रेला निदान वीस, शक्यतो पाच-पाचच्या चार बीकरांत. मात्रा चढत्या ठेवायच्या. अठ्ठेचाळीस तास खायला द्यायचं नाही. मग बीकर अलगद हलवायचा आणि बघायचं. पंधरा सेकंदांत जी पोहली नाही ती निश्चल. मेली म्हणायचं नाही, निश्चल म्हणायचं. कारण इतक्या लहान जिवाचं मरण नेमकं कुठल्या क्षणी झालं हे ठरवणं अवघड. आमच्या शीर्षकातल्या 'मेले'वर खजिनदारांचा तांत्रिक आक्षेप होता, आणि तो बरोबर होता हे मला कबूल करावं लागलं.

या चढत्या मात्रांच्या रांगेत एक गट असा असतो ज्याच्या बीकरांत काहीच घातलेलं नसतं. तेच पाणी, तेवढीच पिल्लं, तोच उजेड. त्याला कंट्रोल म्हणायचं. त्याने फक्त जिवंत राहायचं असतं. कंट्रोलमध्ये दहा टक्क्यांहून जास्त निश्चल झाल्या, म्हणजे विसात दोनपेक्षा जास्त, तर सगळी चाचणी बाद. मात्रांचे आकडे कितीही देखणे येवोत.

आमच्याकडे पहिल्या खेपेला सात निश्चल झाल्या. पुन्हा लावली तेव्हा एक. हुश्श केलं. तिसऱ्या खेपेला नऊ. बाकीच्या दोन प्रयोगशाळांत काहीच अडचण नाही. पिल्लांची वसाहत बघितली, ठणठणीत. पाण्याची कठीणता, सामू, विरघळलेला प्राणवायू, तापमान, सगळं मर्यादेत. पोटॅशियम डायक्रोमेटवर, म्हणजे पिल्लांची संवेदनशीलता तपासायला ज्याचा ठरलेला वापर होतो त्या पदार्थावर, निकाल अपेक्षित पट्ट्यात. म्हणजे विष घातलं तिथे त्या शहाण्यासारख्या वागत होत्या आणि काहीच घातलं नव्हतं तिथे मनाला येईल तेव्हा बसकण मारत होत्या.

अशा चाचणीचं काय करतात? काही नाही. वहीवर 'बाद' लिहितात, तारीख टाकतात आणि पुढच्या सोमवारी नवी लावतात. आजवर मीही तेच केलं होतं. या वेळी शाखेतली इतर माणसं वही बघत होती म्हणून पान उलटता आलं नाही.

पोस्टर न्यायचंच यावर अध्यक्ष मॅडम ठाम होत्या. बैठकीत खजिनदारांचं मन वळवायला त्यांनी टफ्ट्स विद्यापीठातली गोष्ट सांगितली. १९८०च्या दशकाच्या शेवटी आना सोतो आणि कार्लोस सोनेनशाइन स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर काम करत होते. या पेशी इस्ट्रोजेन असलं की वाढतात, नसलं की थांबतात. त्यांचा सगळा प्रयोग या एका फरकावर उभा. एके दिवशी सगळ्याच बशांमधल्या पेशी वाढायला लागल्या. इस्ट्रोजेन न घातलेल्यासुद्धा. कुणीतरी निष्काळजीपणाने हार्मोन सांडलं असेल असं आधी वाटणारच. त्यांनी एकेक वस्तू बाजूला काढत काही महिने शोध घेतला आणि तो येऊन थांबला द्रव साठवायच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांवर. नळ्या नेहमीच्याच दिसत होत्या, पण बनवणाऱ्यांनी प्लॅस्टिकची घडण बदलली होती, आणि काय बदललं ते सांगायला तयार नव्हते. तेव्हा या दोघांनी ते स्वतःच वेगळं करून ओळखलं: नॉनिलफिनॉल. १९९१ साली ते छापून आलं. प्लॅस्टिकमधून झिरपणारा पदार्थ पेशीला इस्ट्रोजेनसारखा भासू शकतो, ही गोष्ट जगाला एका बिघडलेल्या कंट्रोलने सांगितली.

"तुमच्या नळ्यांतही असलंच काहीतरी सापडेल असं म्हणायचंय का?" खजिनदार.

"मुळीच नाही," मॅडम म्हणाल्या. "बहुतेक काहीच सापडणार नाही. पण वहीत 'बाद' लिहून त्यांनी पान उलटलं असतं तर?"

खजिनदार यावर काही बोलले नाहीत, पण प्रवासखर्चाच्या कागदावर सही झाली. आमच्या शाखेत याला संमती म्हणतात.

आगगाडीत माझ्या शेजारी शाखेतले सर्वांत ज्येष्ठ सभासद होते. सरकारी प्रयोगशाळेत शिसं मोजण्यात त्यांची उमर गेली. पोस्टरची गुंडाळी आमच्या दोघांच्या मध्ये तान्ह्या मुलासारखी ठेवलेली. त्यांना मॅडमची गोष्ट माहीत होती, पण ती फार आवडत नव्हती. "ती गोड शेवटाची आहे," ते म्हणाले. "कंट्रोल बिघडला, माणसं जागी झाली. उलटं झालं की काय होतं ते ऐका."

उलटं म्हणजे असं. १९२०च्या दशकात पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायला लागले. त्यापासून धोका आहे का हे बघायला उद्योगाने रॉबर्ट किहो या डॉक्टरला नेमलं. त्याने कारखान्यात या पेट्रोलशी काम करणाऱ्यांच्या मलमूत्रातलं शिसं मोजलं, आणि तुलनेला घेतले त्याच कारखान्यातले दुसरे कामगार, जे ते थेट हाताळत नव्हते. त्यांच्यातही शिसं निघालं. त्यावरून काढलेला अर्थ: शिसं माणसाच्या शरीरात असतंच, नैसर्गिक आहे. पुढची काही दशकं हा युक्तिवाद टिकला.

"कंट्रोलच शिशाने माखलेला होता," सर म्हणाले. "आणि कंट्रोल मेला नाही ना. तो हिंडत-फिरत होता. मग कोण शंका घेणार?"

तो युक्तिवाद मोडला एका अशा माणसाने ज्याला विषशास्त्राशी घेणंदेणं नव्हतं. क्लेअर पॅटरसन उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचं वय मोजत होता. पण नमुन्यात असायला हवं त्याच्या कितीतरी पट शिसं त्याला मिळे; हवेतून, भांड्यांतून, रसायनांतून, माणसांच्या कपड्यांवरून. त्याने आधी कोरा नमुना कोरा करायचं ठरवलं. आम्ही ज्याला ब्लँक म्हणतो तो, म्हणजे ज्यात शिसं निघायलाच नको. आम्लं पुन्हापुन्हा शुद्ध केली, खोली घासली, गाळलेली हवा आत सोडली. काही वर्षं त्यातच गेली. १९५६ साली त्याने पृथ्वीचं वय दिलं, सुमारे ४५५ कोटी वर्षं, आणि तो आकडा आजही जवळपास तिथेच आहे. पण खोली स्वच्छ करता करता त्याच्या लक्षात आलं की घाण खोलीपुरती नाही. १९६५ साली त्याने लिहिलं की लोक ज्याला शिशाची नैसर्गिक पातळी समजतात ती नैसर्गिक नाही, नेहमीची आहे. या दोन शब्दांतला फरक सर बोटं वेगळी करून दाखवत होते. पुढे १९७९ साली त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पेरूतले सुमारे सोळाशे वर्षांपूर्वीचे सांगाडे तपासले. आजच्या माणसाच्या हाडांपेक्षा त्यांत शिसं शेकडो पटींनी कमी होतं. जिवंत माणसांत कंट्रोल उरलाच नव्हता म्हणून मेलेल्यांत शोधावा लागला. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल जगातल्या शेवटच्या देशात बंद झालं ते २०२१ साली.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मी पोस्टर जरा सरळ केलं. आमच्या सात आणि नऊ पाणपिसवांना एवढा इतिहास पेलवेल असं मला वाटेना.

परिषदेचं वर्णन काय करायचं? ज्याने एक पाहिली त्याने सगळ्या पाहिल्या. गळ्यात ओळखपत्र, त्याची उलटी होणारी दोरी, एकाच वेळी पाच सभागृहांत व्याख्यानं आणि ऐकायचं असतं ते नेमकं दोन ठिकाणी एकाच वेळी. बारा मिनिटं बोलायचं, तीन मिनिटं प्रश्न. अकराव्या मिनिटाला सूत्रसंचालक हळूच उठून उभे राहतात आणि वक्ता आपल्या सर्वांत महत्त्वाच्या पडद्यावरून वाऱ्यासारखा निघून जातो.

पण या खेपेला माझी नजर बिघडलेली होती. मला प्रत्येक आलेखात फक्त डावीकडचा पहिला खांब दिसे. आणि एक गोष्ट ध्यानात आली जी इतक्या वर्षांत कधी खटकली नव्हती. पुष्कळ जण निकाल 'कंट्रोलच्या टक्केवारीत' दाखवतात. कंट्रोल बरोबर शंभर, बाकीचे त्याच्या खाली. वाचायला सोपं जातं, वेगवेगळ्या प्रयोगांची तुलनाही होते. पण असं केलं की कंट्रोल कायमच शंभर असतो. त्या दिवशी तो उत्तम होता की कसाबसा तग धरून होता, हे आलेखातून पुसलं जातं. एकवीस दिवसांच्या प्रजनन चाचणीत कंट्रोलमधल्या दर मादीने सरासरी निदान साठ पिल्लं द्यायला हवीत असा नियम आहे. साठ दिली काय आणि एकशेवीस दिली काय, पडद्यावर दोन्ही शंभरच. मी हा प्रश्न एका व्याख्यानानंतर विचारला. वक्ता चांगला माणूस होता. म्हणाला, मूळ आकडे पुरवणीत आहेत. पुरवणी कोण वाचतं ते त्यालाही ठाऊक होतं, मलाही.

उलट सूक्ष्म प्लॅस्टिकवाल्यांच्या सत्रात मन रमलं. त्या बिचाऱ्यांना कंट्रोल विसरायची चैनच परवडत नाही. हवेतून तंतू पडतात, कपड्यांतून पडतात, त्यामुळे कोऱ्या नमुन्यातही काहीतरी निघतंच. म्हणून नमुन्याशेजारी ओला गाळणकागद उघडा ठेवतात आणि त्यावर काय पडलं ते मोजतात. काही प्रयोगशाळांत सगळ्यांनी भडक रंगाचे सुती कोट घालायचे अशी पद्धत आहे; नमुन्यात त्या रंगाचा तंतू दिसला की समजायचं, हा आपलाच. स्वतःची घाण ओळखू यावी म्हणून तिला रंग द्यायचा ही कल्पना मला फारच आवडली. आमच्या शाखेच्या कारभारालाही ती लावून बघण्यासारखी आहे, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सॅमन माशांवरचं व्याख्यान होतं. गोष्ट आता बरीच गाजलेली आहे. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर शहरातले ओढे साफ करून, काठ बांधून कोहो सॅमन परत आणले. मासे आले, आणि अंडी घालण्याआधीच गरगर फिरत मरायला लागले. पाऊस पडून रस्त्यांचं पाणी आलं की हमखास. कारण शोधायला वर्षं लागली. टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात ६पीपीडी नावाचा पदार्थ घालतात. त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जो क्विनोन बनतो तो माशांना मारत होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये ते प्रसिद्ध झालं. निम्मे मासे मरतील अशी मात्रा पहिल्या अंदाजात लिटरला ०.८ मायक्रोग्रॅम होती. पुढे शुद्ध प्रमाणित नमुना मिळाल्यावर त्याच गटाने पुन्हा मोजून ती ०.०९५ असल्याचं स्वतःहून सांगितलं. मला या गोष्टीतली त्यांची ही दुरुस्तीच मोठी वाटते. बोलणाऱ्या बाईंनी मात्र जाता जाता आणखी एक सांगितलं: चम सॅमनला, म्हणजे कोहोच्या सख्ख्या चुलतभावाला, त्याच पाण्यात काहीही होत नाही. चाचणीला चम घेतला असता तर पाणी निर्दोष ठरलं असतं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. प्रत्येक जण मनातल्या मनात आपापला प्रयोगप्राणी तपासत असावा.

संध्याकाळी पोस्टर. आमची जागा शेवटच्या रांगेत, दाराला लागून. पहिला अर्धा तास जे कुणी आले ते दाराकडे जाण्यासाठी आले. मी शीर्षकाकडे बघत उभी होते आणि माझं शीर्षक हरल्याचा मला राग येत होता. मग एक विद्यार्थी थांबला. त्याने तक्ता वाचला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आमच्याकडेपण होतं असं." कधी? "मागच्या वर्षी. सर म्हणाले, परत लाव."

त्यानंतर माणसं येत गेली. सगळी साधारण त्याच आवाजात बोलत होती. एकाच्या माशांच्या अंड्यांचा कंट्रोल दर पावसाळ्यात बसतो. एकीची पूर्ण वसाहत एका रात्रीत गेली आणि कारण कधीच कळलं नाही. एका उद्योगातल्या गृहस्थांनी आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहिलं आणि मग फोनवरचं स्वतःचं कोष्टक दाखवलं. दोन दिवस व्याख्यानांत जे ऐकलं त्याच्याइतकंच त्या तासाभरात कळलं, फरक इतकाच की यातलं काही सारांशपुस्तिकेत नव्हतं. पॅट्रिशिया हंट या संशोधिकेची आठवण कुणीतरी काढलीच. १९९८ साली क्लीव्हलंडमध्ये तिच्या उंदरांच्या कंट्रोल गटातल्या बीजांडांत गडबड अचानक एक-दोन टक्क्यांवरून चाळीसच्या घरात गेली होती. पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या कुणीतरी चुकीच्या, तीव्र साबणाने धुतल्या होत्या. प्लॅस्टिक खराब होऊन त्यातलं बिस्फिनॉल ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन सुटलं होतं. वीस वर्षांनी तिच्याच प्रयोगशाळेत, वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यांनी, पुन्हा तसंच झालं. इतकी सावध बाई, तरी.

गर्दी ओसरल्यावर एक पन्नाशीच्या बाई आल्या. ओळखपत्रावर नावामागे पदवी नव्हती. एका दुसऱ्या शाखेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं वसाहती सांभाळतात म्हणाल्या. तक्ता त्यांनी वाचलाच नाही. विचारलं, "हवेच्या पंपाची नळी कधी बदललीत?"

मला माहीत नव्हतं. सामू माहीत होता, कठीणता दशांशापर्यंत माहीत होती. नळी माहीत नव्हती.

"नवी नळी मी आठवडाभर भिजत ठेवते," त्या म्हणाल्या. "का ते विचारू नका. माझ्या आधीच्या बाई ठेवायच्या." आणि शेजारच्या पोस्टरकडे गेल्या.

परत आल्यावर पहिल्यांदा खरेदीची नोंदवही काढली. पाणी साठवायच्या टाकीत हवा सोडणारी नळी पहिल्या बाद चाचणीच्या बारा दिवस आधी बदललेली. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. मनातल्या मनात मी शोधनिबंधाचं शीर्षकही केलं, आणि त्यात 'काही निरीक्षणं' नव्हतं. ती नळी काढली, दुसरी आठवडाभर भिजवून लावली, चाचणी घेतली. कंट्रोल वीसच्या वीस जिवंत. मग, जे करायलाच हवं होतं ते केलं: जुनी संशयित नळी परत लावली आणि पुन्हा चाचणी घेतली.

वीसच्या वीस जिवंत.

सर म्हणाले, जे सुटायचं ते पहिल्या काही आठवड्यांत सुटून गेलं असेल. मॅडम म्हणाल्या, त्याच गुंडाळीतला न वापरलेला तुकडा लावून बघा. गुंडाळी संपलेली. नवी मागवली, पुरवठादार म्हणतो तीच आहे, आणि तिने काही होत नाही. खजिनदारांनी फक्त "बरं" म्हटलं, पण अगदी कोरडेपणाने म्हटलं असंही नाही. संशयित नळी मी पिशवीत घालून, तारीख लिहून खणात ठेवली आहे. आता नोंदवहीत एक नवा रकाना आहे. त्यात काय बदललं ते लिहायचं, कितीही क्षुल्लक असो: साबण, बूच, फरशी पुसायचं औषध, खोलीत कुणी रंगवलं का. नव्या मुलांना तो रकाना हास्यास्पद वाटतो.

परवा पुन्हा एक चाचणी लावली होती. आज सकाळी अठ्ठेचाळीस तास भरले. चढत्या मात्रांचे बीकर मदतनीसाकडे दिले आणि कंट्रोलचे मी घेतले. तीन बीकरांत पंधराच्या पंधरा पोहत होत्या. चौथ्यात चार. पाचवी तळाशी होती. मी बीकर अलगद हलवला आणि मोजायला लागले.